खालच्या स्वराचा माणूस

इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या माणसाचा आवाज कसा आहे, हे तिथे कुणाला कळण्याची सोय नसते. एका भिंतीला धुण्याचे मोठे ढोल घुमत असतात, दुसऱ्या बाजूला चादरी दाबणारे गरम रूळ फुसफुसत असतात आणि मधल्या जागेत माणसं एकमेकांशी खाणाखुणांनी बोलतात. भुवई वर केली की ‘झालं का?’ आणि हनुवटी हलवली की ‘तिकडचं टोक धर’. तिथल्या एका कामगारानेही अर्धं आयुष्य असंच काढलं होतं. त्यामुळे घरी आल्यावर तो फारसा बोलत नसे, आणि बोललाच तर इतक्या खालच्या आवाजात की बायको म्हणायची, “अहो, माझ्याशी बोलताय की फरशीशी?”

आवाज खालचा होता हे खरंच. वयात येताना जो फुटला तो खाली खाली जातच राहिला. शाळेत सगळ्यांनी मिळून कविता म्हणायची वेळ आली की मास्तर त्याला सांगत, “तू नुसते ओठ हलव.” ते त्याच्या मनाला इतकं लागलं की पुढे कुठेही चार माणसं गायला लागली की तो नुसते ओठ हलवायचा. आणखी एक गंमत म्हणजे चिडल्यावर इतरांचा आवाज चढतो, त्याचा उतरायचा. तो संतापलेला असला की लोकांना वाटायचं, याला झोप आली आहे.

ढोलांपाशी मात्र त्याला मोकळं वाटे. ढोल फिरायला लागला की एक जाड, गोल घुंकार निघतो. त्यात तो आपला आवाज मिसळून द्यायचा आणि तासन्‌तास तसाच चादरींच्या घड्या घालत राहायचा. एके दिवशी वीज गेली. ढोल थांबले, रूळ थांबले, पण घुंकार काही थांबला नाही. इस्पितळाचे फाटके झगे शिवायला येणारा टेलर दारापाशी बसला होता. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “अहो, वीज गेली. तुम्ही कशावर चालता?”

हा टेलर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या वृंदगान मंडळात गायचा. त्यानेच याला रविवारी ओढत तिथे नेलं.

मंडळ चालवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत संगीत शिकवत. त्या पेटीपुढे बसल्या आणि त्याला एकेक पट्टी देत खाली नेऊ लागल्या. “अजून खाली. अजून एक. जमेल? बरं, अजून एक.” पेटीच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या संपल्या तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवला.

“इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?”

“धुलाईघरात,” तो म्हणाला. सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला कळलं नाही, पण वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी बाईंनी नव्या आलेल्यांना आपली शिकवण्याची पद्धत समजावून सांगितली. “इंग्रजीत गॅमट असा एक शब्द आहे. एखाद्या गोष्टीचा सगळा पल्ला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांगायचा असला की वापरतात. माणसाच्या सगळ्या भावनांचा गॅमट, सगळ्या रंगांचा, सगळ्या तऱ्हेच्या कापडांचासुद्धा.”

“आम्ही कापडाला असलं काही म्हणत नाही बुवा,” टेलर म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा. मुळात तो गाण्याचाच शब्द. हजारएक वर्षांपूर्वी युरोपातल्या मठांत पोरांना गाणी पाठ करता करता मिसरूड फुटायचं. तिथल्या एका साधूने एका जुन्या लॅटिन स्तोत्राच्या ओळींची सुरुवातीची अक्षरं उचलली आणि तीच स्वरांना नावं म्हणून दिली. उत, रे, मी, फा, सोल, ला. त्यांच्या रांगेतला सगळ्यात खालचा जो स्वर, तो ते गॅमा या ग्रीक अक्षराने दाखवत. गॅमावरचं उत ते गॅमा-उत, आणि बोलता बोलता झालं गॅमट. म्हणजे आधी हे त्या एकट्या खालच्या स्वराचं नाव होतं. मग स्वरांच्या सगळ्या रांगेला तेच नाव पडलं, आणि पुढे जगातल्या कुठल्याही रांगेला.”

“तळातल्याचं नाव सगळ्यांना?” त्याने विचारलं. मंडळात तो आपण होऊन बोलला ते हे पहिलंच.

“हो. पायाचं नाव आख्ख्या घराला द्यावं तसं.”

मग बाईंनी डावा हात वर धरला. त्याच साधूच्या नावावर सांगितली जाणारी ही युक्ती होती. डाव्या हाताच्या प्रत्येक पेरावर एक स्वर. उजव्या बोटाने ज्या पेराला शिवायचं, तो स्वर गाणाऱ्याने लावायचा. कागद नको, वाचता येण्याची अट नको. अंगठ्याचं टोक म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, आणि मंडळात तो स्वर त्याला एकट्यालाच लागत असल्यामुळे अंगठ्याचं टोक त्याच्या एकट्याच्या मालकीचं झालं. बाकीचे त्याला अंगठेराव म्हणू लागले.

घरी येऊन त्याने बायकोला गॅमटची हकिगत सांगितली. इतकं सलग तो लग्नानंतर प्रथमच बोलत होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही तळाला आहात एवढंच ना? मग नवीन काय कळलं?” तिचा भाऊ तिथेच बसला होता. तो म्हणाला, “दाजी, लोक शिकून अंगठ्यावरून सहीवर येतात. तुम्ही या वयात सहीवरून अंगठ्यावर आलात.”

त्याने मनावर घेतलं नाही. रविवार आला की तो आपला सदरा आपणच इस्त्री करायचा. धुलाईघरातल्यासारखंच इथेही खुणेवर काम होतं, ते त्याला फार सोयीचं गेलं. बाईंचं बोट अंगठ्याकडे निघालं की त्याची छाती भरायला लागायची आणि बोट टेकलं की स्वर बाहेर. मध्ये विचार नावाची वस्तू नसे. बाई म्हणायच्याच, “विचार करून लावलेला स्वर शिळा असतो.” अशी बरीच वर्षं गेली. गाण्यात त्याचा आवाज वेगळा कुणाला ऐकू येत नसे, पण तो एखाद्या रविवारी आला नाही तर सगळ्यांचे स्वर वर तरंगायला लागत आणि बाई चिडून पेटी बंद करत.

मग वृंदगानाची एक स्पर्धा आली. पहिल्या येणाऱ्या मंडळाचं गाणं रेडिओवर लागणार होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी निकालाआधीच सगळ्या नातेवाइकांना रेडिओची वेळ कळवून ठेवली होती. गाण्याच्या मध्यावर एक थांबा होता. सगळे एकदम थांबणार, सभागृह गप्प होणार आणि त्या गप्पपणातून वरच्या आवाजाच्या बायका अगदी हलके स्वर उचलणार. बाईंचा सगळा जीव त्या थांब्यात होता.

थांबा आला. सगळे थांबले. समोरच्या खुर्च्यांतलं खोकणंसुद्धा थांबलं. आणि बाईंच्या उजव्या हाताने डावा अंगठा टोकाशी पकडून दाबला.

त्याने स्वर लावला. अर्धामुर्धा नाही, भरछातीचा. त्या शांततेत तो असा उमटला की पुढच्या रांगेतली एक बाई दचकून पर्स पाडती झाली. वरच्या आवाजाच्या बायकांतल्या दोघी भलत्याच स्वरावर चढल्या, एकीला हसू आवरेना, ते बघून मागचे हसले आणि मग सभागृह हसलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

पडद्यामागे अध्यक्ष त्याच्यासमोर उभे राहिले. “अंगठेराव, अहो, झोप लागली होती का?”

“खूण झाली होती.”

“काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला.”

“बाईंनी खूण केली होती.” तो संतापला होता, त्यामुळे आवाज आणखी उतरला होता.

“कुणी पाहिली?” अध्यक्षांनी सगळ्यांना विचारलं. बाकीच्यांनी पाहिली नव्हती. थांब्यात कुणाचीच पाळी नव्हती, मग हाताकडे बघतो कोण? टेलर त्याच्या शेजारीच उभा होता, पण तो म्हणाला, “मी गाताना डोळे मिटतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तेव्हा गात कुठे होतात? थांबा होता ना!” याने विचारलं.

“थांब्यातही मिटतो. भाव राहतो त्याने.”

त्याने बाईंकडे पाहिलं. त्या आपली पिशवी आवरत होत्या. पिशवीत तीनच वस्तू होत्या, पण आवरणं काही संपेना.

पुढच्या रविवारी सगळे जमल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला. मंडळाची शोभा झाली, लोक विचारतात, वगैरे बोलून ते मुद्द्यावर आले. अंगठेरावांनी सर्वांसमोर दिलगिरी व्यक्त करावी आणि काही दिवस विश्रांती घ्यावी. “कायमचं नाही हो. पण वय होतं माणसाचं. तोवर खालचा स्वर आमच्या सूनबाई कीबोर्डवर देतील.”

तो उठला आणि थेट बाईंना म्हणाला, “बाई, तुम्ही अंगठा दाबला होता ना?”

बाई पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होत्या. “मला नाही तसं आठवत.”

तो जिना उतरून गेला. दिलगिरी व्यक्त केली नाही.

घरी त्याचा नुसता जाळ झाला होता आणि तो जाळ कुणाला दिसत नव्हता. चूक केली असती तर तो शंभरदा वाकला असता. धुलाईघरात त्याने एकदा निळ्या झग्यांत पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या, तेव्हा मुकादमासमोर कान धरून उभा राहिला होता. पण इथे त्याने पाहिलं होतं. डोळे मिटले की तो दाबलेला अंगठा अजून दिसत होता. आणि ज्यांनी दाबला त्यांनाच आठवत नव्हतं.

“मागून टाका की माफी,” बायको म्हणाली. “काय अंगाला भोकं पडतात का?”

“चूक नसताना?”

“माझ्याजवळ रोज मागता, तेव्हा चूक असते?”

“ते घरचं.”

“मग घरच्यांसाठी वेगळा अंगठा आहे वाटतं!” असं म्हणून ती हसली, पण त्याने ताट तसंच सरकवलं तेव्हा तिचं हसू गेलं. “अहो,” ती जवळ येऊन म्हणाली, “इतकं लागलंय का? मग त्या बाईंच्या घरी जाऊन भांडा ना.”

“मला भांडता येत नाही. मी भांडतोय हे समोरच्याला कळत नाही.”

मेहुण्याने रविवारी येऊन त्याचं सांत्वन केलं. “बरं झालं दाजी. आता रविवार मोकळा. छताचा पंखा उतरवू आपण.” दोघांनी पंखा उतरवला. त्याने पाती पुसली, परत लावली आणि पंखा पूर्वी वाजत नव्हता तो वाजायला लागला.

धुलाईघरात आता ढोलाच्या घुंकारात आवाज मिसळायची त्याला इच्छा होईना. दातांवर दात ठेवून तो चादरींच्या घड्या घालत राही. घड्या इतक्या करकरीत पडत की मुकादमाने दोनदा शाबासकी दिली. त्या शाबासकीचाही त्याला राग आला.

असाच एक दिवस वाफेतून कुणीतरी आत आलं. बाई होत्या. त्या काहीतरी बोलल्या. त्याने कानाला हात लावून ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली. बाई जवळ आल्या, पुन्हा बोलल्या. पुन्हा नाही. शेवटी त्या शाळेतल्या आवाजात ओरडल्या, “मी अंगठा दाबला होता! दुखत होता म्हणून दाबला! संधिवात आहे मला!”

आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या. मुकादम धावत आला आणि तितक्याच मोठ्याने ओरडला, “ताई, हाडांचा विभाग पलीकडच्या इमारतीत! इथे फक्त कपडे!”

तो बाईंना बाहेरच्या बोळात घेऊन गेला. तिथे धुतलेल्या चादरींच्या ढकलगाड्या होत्या. हाताला काम नसलं की त्याला बोलता येत नसे, म्हणून त्याने एक चादर ओढली आणि घडी घालायला घेतली.

“मला सांगून काय उपयोग?” तो म्हणाला. “मला माहीतच आहे. मीच तर पाहिलं. हे तिकडे सांगा, वरच्या मजल्यावर.”

“तिकडे सांगितलं तर मला बसवतील घरी. अध्यक्षांच्या सूनबाई टपूनच आहेत. हात चालत नाही म्हटल्यावर माझं काय काम उरलं?”

“आणि मला बसवलं ते?”

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. त्याने सवयीने आपली बाजू ताणली. बाईंच्या बोटांतून चादर सुटली आणि फरशीवर पडली. त्यांनी ती उचलली, पुन्हा धरली, पुन्हा सुटली. अंगठा मिटतच नव्हता. बुंध्याशी केवढी तरी गाठ आली होती.

“खाली पडलेली पुन्हा धुवावी लागते,” तो म्हणाला. ते सांगायची काही गरज नव्हती. त्याचा राग तसाच होता, पण आता तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना, आणि त्याचाच त्याला अधिक राग आला. धड रागावताही येऊ नये माणसाला!

“रविवारी येतो,” तो शेवटी म्हणाला. “पण माफी मागणार नाही. आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर परत पाऊल ठेवणार नाही. मग तुमचे स्वर जाऊ देत छताला.”

“सांगते,” बाई म्हणाल्या.

रविवारी तो गेला. त्याच्या जागी कीबोर्ड उभा होता, म्हणून तो जिन्याच्या दाराशी उभा राहिला. त्याला बघून कुजबुज झाली. अध्यक्ष काही बोलणार तेवढ्यात बाई उठल्या.

“मला सगळ्यांना एक सांगायचं आहे. स्पर्धेत जी चूक झाली, ती यांची नव्हती. ती माझी होती.”



“वा!” अध्यक्ष म्हणाले. “याला म्हणतात गुरू. शिष्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतली.”

“अहो, घेतली नाही, होतीच माझी. मी खरंच अंगठा दाबला.”

“बाई, बाई, पुरे,” अध्यक्षांनी हात जोडले. “तुमचं मन आम्हाला कळलं. झालं गेलं विसरून जाऊ. अंगठेराव, या आत, दारात का उभे? बाईंनी एवढं मोठेपण दाखवल्यावर आम्ही काय धरून बसणार?”

“मी मोठेपण दाखवत नाही!” बाईंचा आवाज चढला. “मला संधिवात आहे. त्या दिवशी अंगठ्यात कळ आली. त्यांनी पाहिलं ते बरोबर पाहिलं. ऐका जरा माझं!”

“ऐकलंत?” अध्यक्ष सगळ्यांना म्हणाले. “यांच्यासाठी दुखणंसुद्धा अंगावर घ्यायला निघाल्या.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. दोन बायकांनी डोळे पुसले. सूनबाईंनी कीबोर्ड आपण होऊन कोपऱ्यात सरकवला.

“त्या खरं सांगताहेत,” तो म्हणाला. तो आयुष्यात इतका संतापला नव्हता, त्यामुळे ते वाक्य शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नाही. “अहो, त्या खरं सांगताहेत!”

“काय म्हणतायत?” मागून कुणी विचारलं.

“आभार मानतायत,” टेलरने सांगितलं आणि त्याचा दंड धरून त्याला रांगेत आपल्या शेजारी उभं केलं. “देवमाणूस आहेत बाई. दुसऱ्या कुणी केलं असतं का हे? पाया पडा त्यांच्या.”

समोर बाई उभ्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. टाळ्या अजून चालू होत्या. सगळे त्याच्याकडेच बघत होते, म्हणून त्यालाही दोन वाजवाव्या लागल्या.